पाहुणा गेला की लॅच नवा

कुलूपवाल्याच्या घरी वाटसरू फुकट राहतात, याचं गल्लीत सगळ्यांना भारी हसू यायचं. दिवसभर लोकांची दारं घट्ट बंद करून द्यायची आणि स्वतःचं दार मात्र कुणाही सोम्यागोम्याला उघडायचं! पण ही कल्पना त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, आणि तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे.

त्यांची एकुलती एक लेक, लाडाचं नाव भिंगरी, पाठीवर बॅग टाकून जग बघायला निघाली होती. जाईल तिथे अनोळखी माणसांच्या घरी राहायचं, हॉटेलचं नाव नाही. "लोकांच्या घरी पथारी पसरायला लाज नाही वाटत?" असं तो बोलून गेला आणि ती बापाशी अबोला धरूनच घराबाहेर पडली. फोन यायचा तो आईला. हा बाजूला बसून पेपर वाचायचं सोंग करायचा, कान सगळे फोनकडे.

"आपल्या पोरीला कुणीतरी वाढतंय ना? मग आपण दुसऱ्याच्या पोराला वाढू," बायको म्हणाली. हॉलमधला सोफा पाहुण्यांचा झाला. पाहुण्याच्या हातात घराची किल्ली द्यायची, हाही तिचाच हुकूम. तो द्यायचा. पण माणूस हाडाचा कुलूपवाला! कुणी किल्लीची नक्कल करून घेतली नसेल कशावरून? पाहुण्याची पाठ वळली की हा गुपचूप दाराचा लॅच बदलायचा आणि बायकोला नवी किल्ली देताना "जुना अडकत होता" अशी थाप मारायचा.

"आपल्याच घरचे लॅच बरे अडकतात!" ती म्हणायची, आणि किल्ली पर्समध्ये टाकायची.

त्या दुपारी तो दुकानात किल्ली घासत असताना फोन वाजला. घरी उतरलेला सायकलवाला पाहुणा बोलत होता. पोरगा इतका उंच, की झोपला की पाय सोफ्याबाहेर.

"काका, रागावू नका हं. काकू बाजारात गेल्यात आणि मी तुम्हाला न विचारता एका मुलीला घरात घेतलंय."

"कोण मुलगी?"

"नाव नाही सांगितलं. दाराशी खुडबुड ऐकू आली. उघडून बघतो तर ही जिन्यावर बसून रडतेय. किल्ली लागत नाही म्हणे. पाठीवर माझ्यासारखीच बॅग. बहुतेक घर चुकली असेल. म्हटलं, मीही इथे पाहुणाच आहे, पण घरची माणसं फार चांगली आहेत, ये आत. चहा केलाय तिला."

त्याच्या हातातली कानस खाली पडली. जन्मात पहिल्यांदाच दुकान सताड उघडं टाकून तो धावत सुटला.

भिंगरी सोफ्याच्या अगदी कडेला, परक्याच्या घरात बसावं तशी बसली होती. वाळली होती, रापली होती. बाप दिसताच उठून उभी राहिली.

"कुलूप बदललंत, बाबा? मी येऊ नये म्हणून?"

'बाबा' ऐकून बिस्किटांची बशी धरलेल्या पाहुण्याने आ वासला.

कुलूपवाल्याची पंचाईत झाली. खरं सांगावं तर या भल्या पोराला तोंडावर चोर म्हणावं लागणार. न सांगावं तर लेक आल्या पावली परत जाणार. लॅच अडकत होता, हे वाक्य सवयीने त्याच्या ओठांवर आलंही. पण तिचे सुजलेले डोळे बघून त्याने ते गिळलं.

"तुझ्यासाठी नाही गं. यांच्यासाठी. प्रत्येक पाहुणा गेला की मी लॅच बदलतो." तो खाली बघत म्हणाला. "तुझ्याजवळ जुनी किल्ली आहे, हे डोक्यातच आलं नाही. तू परत येशील असं वाटेनासंच झालं होतं मला."

"म्हणजे उद्या मी गेलो की माझ्यामागेही?" पाहुण्याने विचारलं.

"हो," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणा खो खो हसत सुटला. "अहो काका, सांगायचं ना! मी स्क्रू तरी धरले असते!"

भिंगरी मात्र हसली नाही. "इतक्या घरांत राहिले, बाबा. एका बाईंनी तर निघताना किल्ली परतच घेतली नाही. म्हणाल्या, पुन्हा येशील तेव्हा लागेल."

त्या बाईंचा कुलूपवाल्याला हेवा वाटला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं.

"तुमची किल्ली उद्या परत देऊ नका," तो पाहुण्याला म्हणाला. मग खिशातला जुडगा काढून त्याने त्यातली घराची किल्ली सोडवली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

"आणि तुम्हाला?"

"मी बेल वाजवीन. उघडायला तू आहेस ना घरात?"

तिने किल्ली मुठीत धरली. मग सोफ्याशेजारची बॅग उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली.