सुकाणूचा फटका

मारोती गजभियेची बोट पाहून न्गारुआवाहिया गावाच्या धक्क्यावरचे लोक हसायचे. वाइकाटो नदीवर माणसं जेटबोटी उडवतात, वॉटर-स्कीइंग करतात. आणि हा नागपूरचा माणूस आगगाडीच्या डब्यासारखी लांबलचक लोखंडी नॅरोबोट घेऊन चालण्याच्या वेगाने निघायचा. बोट इतकी अरुंद, की आत उभं राहून दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. "राँग कंट्री, मेट!" असं कुणी ओरडलं, की मारोती हात हलवून "किया ओरा!" असा तिथला नमस्कार करायचा आणि पुढे जायचा.

'ते रापा' इथल्या एका दूध कारखान्यात तो मेंटेनन्स इंजिनिअर होता. तरुणपणी कामासाठी वर्षभर इंग्लंडला राहिला, तेव्हा तिथल्या कालव्यांवर अशा बोटींत राहणारी माणसं त्याने पाहिली होती. चुलीवर किटली, छपरावर फुलांच्या कुंड्या आणि कुठेही पोचायची घाई नाही. ते वेड डोक्यातून गेलं नाही. पन्नाशी उलटल्यावर एका शेतकऱ्याची रिकामी शेड मागून घेऊन त्याने स्वतः वेल्डिंग करून बोट बांधली आणि तिच्या अंगावर देवनागरीत नाव रंगवलं : 'सावकाश'. त्याची बायको नीला इमर्जन्सी विभागात नर्स. आठवडाभर फाटलेली, मोडलेली माणसं पाहिल्यावर शनिवार-रविवार या बोटीवर झोपलं की तिचे कान शांत व्हायचे.

ईस्टरच्या सुट्टीत त्यांनी सुखदा आणि अनिरुद्धला बोलावलं. आताचं रोटोटुनातलं घर घेण्याआधी नीला वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी करत होती आणि तिथल्याच जॉन्सनव्हिल उपनगरात राहायची, तेव्हापासूनची ही ओळख. सुखदा त्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. तिचा नवरा अनिरुद्ध भूलतज्ज्ञ. देखणा, हजरजबाबी, गणपतीच्या कार्यक्रमात निवेदन करणारा. जॉन्सनव्हिलच्या मराठी मंडळींत त्याच्याशिवाय पान हलत नसे.

शनिवारी दुपारी ते चौघं निघाले. हंटलीच्या वीजकेंद्राच्या जुळ्या चिमण्या मागे पडल्या, तशी नदी रुंद आणि संथ होत गेली. दोन्ही काठांना विलोची झाडं, त्यांच्यापलीकडे गायी. नीलाने आत कांदाभजी तळली. मारोतीने सुखदाला सुकाणूचा दांडा हातात दिला.

"हे बघ, सगळं उलटं असतं," तो म्हणाला. "डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. आणि बोट लगेच ऐकत नाही. सांगून ठेवायचं आणि थांबायचं."

"सुखदाला गाडी पार्क करता येत नाही, दादा," अनिरुद्ध हसत म्हणाला. "ती काय बोट चालवणार!"

पण सुखदाला ते जमलं. का कोण जाणे, पहिल्या वळणालाच जमलं. दांडा तिच्या कमरेशी धडधडत होता, इंजिनची लय तळपायांतून वर येत होती, आणि एवढं मोठं लोखंड तिच्या एका हाताने हळूच वळत होतं. ती मोठ्याने हसली. नीलाने तिला असं हसताना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

रात्री काठाला बोट बांधून सगळे जेवायला बसले. नीलाच्या लक्षात आलं, की सुखदा डाव्या हाताने वाटी उचलते आहे. उजव्या हाताची करंगळी सुजून काळीनिळी झाली होती.

"काय झालं गं?"

"दारात सापडली," सुखदा म्हणाली.

"वेंधळी आहे माझी बायको," अनिरुद्धने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात पडल्याबरोबर सुखदाचा खांदा आक्रसला. नीलाने तसे आक्रसलेले खांदे नोकरीत पुष्कळ पाहिले होते. तिने करंगळीला पट्टी बांधली आणि हळूच म्हणाली, "सकाळी आपण दोघीच जरा फिरायला जाऊ." सुखदाने मान हलवली.

ते फिरणं झालंच नाही. सकाळी नदीवर धुकं होतं. मारोतीने नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि इंजिन सुरू केलं, तेवढ्यात अनिरुद्ध वर आला. "आज मी चालवणार."

मारोतीने त्याला जागा दिली. "एक लक्षात ठेवा. रिव्हर्स टाकला तर दांडा घट्ट धरायचा, आणि त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. पाणी सुकाणूला उलटं मारतं. दांडा असा फिरतो, की माणूस नदीत जातो."

"एवढं काही नाही त्यात."

पहिल्याच वळणावर अनिरुद्धने दांडा चुकीच्या बाजूला ढकलला. बोट ऐकेना म्हणून आणखी ढकलला. पुढचं टोक सरळ विलोच्या झाडांत घुसलं. फांद्या छपरावरून खरवडत आल्या, कुंड्या फोडत गेल्या, आत भांडी कोसळली. सुखदाने पुढे होऊन दांडा हिसकावून घेतला, उलट्या बाजूला दाबून धरला. बोट कण्हत, चिखल उकरत बाहेर आली.

"वा!" मारोती ओरडला. "तू तर जन्माची नावाडी निघालीस, सुखदा!"

अनिरुद्धही हसला. कपाळावर एक बारीक ओरखडा उठला होता, तो त्याने रुमालाने टिपला. मारोती पुढे काय मोडलं ते बघायला छपरावरून टोकाकडे गेला. नीला आत सांडलेला चहा पुसत होती. मागच्या चिमुकल्या डेकवर नवरा-बायको दोघंच उरले.

"मला लोकांसमोर ढकलतेस?" अनिरुद्ध हलक्या आवाजात म्हणाला.

"अरे, बोट आपटली असती..."

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड आत उतरायच्या झडपेच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. सुखदा ओरडली नाही. घरी ओरडलं की जास्त मार बसायचा, म्हणून तिला न ओरडायची सवय झाली होती. तिचा ओठ दातांपर्यंत फाटला. तोंडात गरम, खारट रक्त भरलं. दांडा सुटला आणि बोट प्रवाहात आडवी होऊ लागली.

तो आवाज नीलाने ओळखला. ती पायऱ्या चढून वर आली. "सोड तिला! अनिरुद्ध, सोड!" तिने दाराच्या चौकटीवर हात ठेवला होता. अनिरुद्धने लाथ मारून लोखंडी दार त्या हातावर आपटलं. नीला किंचाळत खाली कोसळली.

मारोती छपरावरून धावत आला. त्याच्या हातात बोट ढकलायची लांब काठी होती. "डॉक्टर, मागे व्हा. बस झालं."

"आमच्या नवरा-बायकोत पडू नका."

"माझ्या बोटीवर हे चालणार नाही."

"तुमच्या बोटीवर!" अनिरुद्धने थुंकल्यासारखे शब्द काढले. "तुमच्यासारख्यांकडून शिकायचं आता मी, कसं वागायचं ते? कोट्यातून इंजिनिअर झालात आणि मला अक्कल शिकवता?"

मारोतीने हे शब्द नागपुरात ऐकले होते. अनिरुद्धच्या तोंडून, आपल्या ताटात जेवलेल्या माणसाच्या तोंडून, ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो क्षणभर थांबला. तेवढ्यात अनिरुद्धने पायाशी पडलेला हातोडा उचलला. काठावर खुंट्या ठोकायचा तो जड हातोडा त्याने खालून वर फिरवला. मारोतीने डोकं वाचवायला हात पुढे केला. हाड मोडल्याचा आवाज सुखदाने स्पष्ट ऐकला. मारोती छपरावर आडवा झाला आणि घसरत कडेला आला. चांगल्या हाताने त्याने कठडा धरला. पाय पाण्यावर लोंबकळत राहिले.

अनिरुद्धने हातोडा पुन्हा उचलला. त्या कठड्यावरच्या बोटांकडे तो बघत होता.

सुखदाची भुवईही फुटली होती आणि रक्त डोळ्यांत उतरलं होतं. तिला अर्धवटच दिसत होतं : तो पाठमोरा, दांड्याच्या अगदी वाटेत उभा. तिच्या उजव्या हाताशी गिअरचा लिव्हर होता. तिने तो मागे ओढला. पूर्ण ओढला.

इंजिन गुरगुरलं. सगळी बोट हादरली. सुकाणू पाण्यात झटक्याने फिरलं, आणि लोखंडी दांडा अर्धवर्तुळ घेत येऊन अनिरुद्धच्या बरगड्यांवर बसला. तो हातोड्यासकट नदीत पडला.

अंगातल्या लाइफ जॅकेटने त्याला वर आणलं. पण बोट मागे येत होती, आणि तिचा पाण्याखालचा पंखा त्याला आपल्याकडे खेचत होता. त्याने सुकाणूची कड धरली. "सुखदा! बंद कर! प्लीज, बंद कर!"

तिचा हात लिव्हरवर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाच्या सात वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागत होता.

"न्यूट्रल!" नीला झडपेतून ओरडत होती. "सुखदा, न्यूट्रल टाक!"

सुखदाने लगेच हात हलवला नाही. किती वेळ, ते कुणालाच पुढे नीट सांगता आलं नाही. अनिरुद्ध एकदम वेगळ्याच आवाजात ओरडला आणि मागचं पाणी लाल झालं. मग तिने लिव्हर मध्ये आणला, इंजिन बंद केलं, आणि खाली वाकून त्याच्या जॅकेटचा पट्टा पकडला.

दोघींनी मिळून त्याला ओढून वर घेतलं. नीलाच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडलेली होती. तरी तिने कमरेचा पट्टा काढला आणि सुखदाला म्हणाली, "गुडघ्याच्या वर बांध. आवळ. आणखी आवळ, तो ओरडला तरी." पोटरीचं मांस लोंबत होतं, आत पांढरं हाड दिसत होतं. सुखदाने गुडघा रोवून पट्टा आवळला. रक्त थांबलं. मग तिने मारोतीला कठड्यावरून आत ओढलं आणि फोन लावला. बोट आपोआप भरकटत एका उथळ चिखलात रुतली.

हेलिकॉप्टर यायची वाट पाहताना अनिरुद्धचे दात कडाकडा वाजत होते. तो डॉक्टर होता. आपल्याला काय झालंय ते त्याला कळत होतं. त्याने सुखदाचं मनगट धरलं.

"ऐक. अपघात झाला असं सांग. मी पाय घसरून पडलो. मारोतीलाही तेव्हाच लागलं. आपण घरी जाऊन बोलू."

सुखदाने मनगट सोडवून घेतलं. काठावरच्या कुरणात हेलिकॉप्टर उतरलं, गायी उधळल्या. पाठोपाठ पोलीस आले. एक तरुण ऑफिसर तिच्यापाशी उकिडवी बसली आणि काय झालं ते विचारलं. सुखदाचा ओठ दोन तुकडे होऊन लोंबत होता. बोलताना रक्त येत होतं. तरी ती इंग्रजीत एकेक शब्द सांगत गेली : केस, झडप, दार, हातोडा. शेवटी म्हणाली, "आणि रिव्हर्स मी मुद्दाम टाकला. बंद करायलाही उशीर केला."

"सुखदा," नीला मराठीत कळवळून म्हणाली, "हे कशाला सांगतेस गं?"

"खरं आहे म्हणून, ताई. मला आता काही लपवायचं नाही."

पोलिसांनी ते लिहून घेतलं. तिच्या जुन्या जखमांचे एक्स-रे निघाले. बरगड्या, मनगट, करंगळी. तिच्यावर खटला भरायचा नाही असं ठरलं. अनिरुद्धवर तिघांना मारहाण केल्याचे आरोप ठेवले गेले. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जॉन्सनव्हिलमधून फोन येत राहिले. एक बाई म्हणाल्या, "अगं, एवढा हुशार माणूस अधू केलास. सहन नाही का करत आपण बायका?" सुखदाने फोन ठेवला. दुसऱ्या एकीने रात्री मेसेज पाठवला. त्यात फक्त तिच्या स्वतःच्या दंडाचा फोटो होता. त्या फोटोतले वळ सुखदा कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग तिने त्या बाईला फोन लावला.

कोर्टाने अनिरुद्धला तिच्याजवळ जायला मनाई केली होती. त्याने आपल्या बहिणीकरवी निरोप धाडला. सुखदा आता नीलाकडेच राहत होती; बहीण त्या रोटोटुनाच्या घराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादाने तुला माफ केलंय, वहिनी."

"मी माफी मागितलेली नाही," सुखदा म्हणाली. ओठाचे टाके अजून ओढत होते, म्हणून शब्द जरा बोबडे आले. "त्याला सांग, मी पट्टा बांधला म्हणून तो जिवंत आहे. तेवढं माझ्याकडून झालं. आता काही उरलं नाही."

'सावकाश' जिथे रुतली होती तिथेच, रांगिरिरी गावाच्या खालच्या अंगाला, अजून एका शेतकऱ्याच्या धक्क्याला बांधलेली होती. मारोतीच्या हातात स्टीलची पट्टी बसवली होती. दांडा धरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. बोट परत आणायची म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, दिवसभराचं काम.

"कुणाला तरी सांगतो आणायला," तो म्हणाला.

"मी आणते," सुखदा म्हणाली.

नीला तिच्याबरोबर गेली. डेक धुऊन काढलेला होता. तरी झडपेच्या कडेशी आल्यावर सुखदाला उलटी झाली. कठड्याला धरून ती पुष्कळ वेळ उभी राहिली. नीलाने पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. हात पडताच तिचा खांदा आक्रसला. नीलाने हात तसाच राहू दिला. हळूहळू खांदा खाली आला.

मग सुखदाने इंजिन सुरू केलं.

नदी भरून वाहत होती. बोट इतकी हळू सरकत होती, की काठावरून चालणारा एक कुत्रा पुढे गेला, थांबला, वळून बघत राहिला. नीलाने आत मुगाची खिचडी केली आणि मगमध्ये आणून दिली. सुखदा एका हाताने खात होती, दुसरा हात दांड्यावर. गरम घास ओठाला झोंबत होता, डोळ्यांत पाणी येत होतं.

"थांबूया का जरा?" नीलाने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "दिवस आहे तोवर जाऊ."

वीजकेंद्राच्या चिमण्या समोर दिसू लागल्या, आणि दुपारभर समोरच दिसत राहिल्या.