घोट्यावरचा हात

"काका, मागच्या खेपेला तुमचा मुकादम तीन हात होता. आज पाच?" न्हाव्याने बाबांच्या गालाला साबण लावत विचारलं. "खातो तरी काय तो, तुमच्या थापा?"

बाकावरचे सगळे खो खो हसले. मुकादम म्हणजे जुन्या धक्क्याखालच्या कपारीतला कॅटफिश. बाबांनी त्याला एकदाच हाताने चाचपलं होतं. तेव्हापासून तो वाढतोच आहे.

साबण तसाच ठेवून बाबा उठले. "उद्या आणून दाखवतो!"

मी घरापर्यंत त्यांच्या मागे धावत गेले. "बाबा, नुकताच स्टेंट टाकलाय. श्वास कोंडायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

"डॉक्टरांना कुठे मासे धरायचेत? तू नाही आलीस तर एकटा जाईन."

माशांची वयं ठरवणं हा माझा पेशा. काट्याचा पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली वर्तुळं मोजायची. एवढा मासा असू शकतो हे मला ठाऊक होतं, म्हणून नाही म्हणताही येईना.

हा मासा हातानेच धरतात. एकाने बुडी मारून कपारीत हात घालायचा. माशाने हात तोंडात धरला की त्यालाच बाहेर ओढायचं. दुसऱ्याने वर उभं राहून बुडणाऱ्याचा घोटा धरायचा. पाय एकदा झटकला तर मासा लागलाय, थांब. दोनदा झटकला तर ओढ.

सकाळी बाबा पाण्यात शिरले. मी कमरेइतक्या गढूळ पाण्यात त्यांचा घोटा धरून उभी राहिले. पाय एकदा झटकला. मग काहीच नाही. अंगठ्याखाली नाडी लागत होती, पण ती त्यांची की माझी, हे कळेना. पुन्हा झटका येईना. मी नियम मोडला आणि ओढलं.

"धरला होता मी!" खोकत खोकत बाबा ओरडले. ओठ निळे पडले होते. "एकच झटका दिला ना? घात केलास, पोरी!"

कॅटफिशचे दात म्हणजे सँडपेपर. त्याच्या तोंडातून निघालेला हात सरसकट सोलवटतो. बाबांच्या मनगटावर दोनच सरळ ओरखडे होते. धक्क्यातून बाहेर आलेल्या लोखंडी गजाचे.

संध्याकाळी दुकानात मुकादम सहा हात झाला. "हिच्यामुळे सुटला," बाबा सांगत होते. "उद्या पुन्हा उतरतो. एकटाच."

न्हाव्याने कात्री थांबवली. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, होता का?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे वळले. मी कधी 'साधारण' हा शब्दही वापरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"होता," मी म्हणाले. "ओढताना मी पाहिला. डोकं दोन्ही हातांच्या कवेत आलं नसतं."

कुणी हसलं नाही. बाबा आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

"इतका नव्हता," ते हळूच म्हणाले. "चार हात, फार तर."

"मग उद्या उतरताय ना, काका?"

"आता कशाला? हिने पाहिलाय ना."

बाकावरचा सुतार मात्र पुढे सरकला. "ताई, डोकं नेमकं केवढं होतं? दाखवा की."

मी हात पसरले. कुठे थांबवावेत ते मला कळेना.