निकाली डबा

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. तो न्हावी परवडला, तो निदान दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. या घरातल्या सुनेच्या सासऱ्यांनी लावला होता.

ती घराच्या मागच्या खोलीत अंध मुलांसाठी ठिपक्यांची ब्रेल पुस्तकं छापायची. उद्या दहाला एका मुलीचा भौतिकशास्त्राचा पेपर, शेवटचा धडा छापायचा राहिलेला, आणि मुलीची आई आज पाचला तो न्यायला येणार. दुपारी एकला हिने प्रिंटरचा प्रोग्राम उघडला, तर पडद्यावर पाटी: अमुक फाईल सापडत नाही, प्रोग्राम सुरू होणार नाही. दुसरा उघडला, तिथे दुसरी फाईल सापडत नाही.

"बाबा, तुम्ही इथं काही केलंत का?"

"साफसफाई केली," सासरे दारातून म्हणाले. "रखडत चालतो, असं तूच म्हणत होतीस. दहा-दहा वर्षं जुन्या तारखेच्या फायली नुसत्या पडून होत्या."

चौतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होते ते. पाच वर्षं जिला हात लागला नाही ती वस्तू निकाली, म्हणजे काढून टाकायची, हा त्यांचा कायदा. निवृत्त झाले तरी कायदा काही निवृत्त झाला नव्हता. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सूनबाई, ऐक, मी त्या फायली..."

"गप्प बसा बाबा. जन्मभर नटबोल्ट मोजलेत ना, तेच मोजायचे होते."

ते दारातून हलले नाहीत.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, नेटवरून सुटी फाईल उतरवू नका, तिच्यासोबत काय घाण येईल सांगता येत नाही. सिस्टिमची तपासणी लावा. स्वतःच्या फायली ती स्वतःच जागेवर आणते." तपासणीला दीड तास लागला. आकडा एकेक टक्क्याने सरकत होता आणि ही मनातल्या मनात सासऱ्यांच्या कारखान्याचा उद्धार करत होती. मधे ते पुन्हा "अगं, पण..." म्हणाले. हिने मान न वळवता हात वर केला.

तीनला सिस्टिम धडधाकट झाली, प्रिंटरचा प्रोग्राम मात्र ढिम्म. त्याची फाईल सिस्टिमची नव्हतीच, ती प्रिंटरच्या कंपनीची. त्या कंपनीला टाळं लागून सहा वर्षं झाली होती आणि मूळ सीडी घर बदलताना हरवली होती. हिच्या तोंडचं पाणी पळालं. ती मुलगी वर्षभर बोटांनी वाचत इथवर आली होती आणि शेवटच्या धड्यावाचून परीक्षेला बसणार होती.

तेवढ्यात टेबलावर पत्र्याचा डबा आपटला. आत एक पेनड्राइव्ह, त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'निकाली. तीस दिवस ठेवणे.'

"स्टोअरमधून वस्तू थेट भंगारात जात नाही," सासरे म्हणाले. त्यांचाही आवाज रागाने कापत होता. "महिनाभर डब्यात राहते, कुणी मागितली तर परत मिळते. दोनदा सांगायला आलो. दोन्हीदा तू तोंड बंद केलंस."

तिने फायली जागच्या जागी ठेवल्या. प्रिंटर खडखडत सुरू झाला. तिला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचाच इतका राग आला की सासऱ्यांकडे बघवेना. माफी मागायची तर जीभ रेटेना. साडेचारला तिने छापलेला गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, चौसष्ट पानं आहेत. जरा मोजता का?"

त्यांनी चष्मा लावला, बोट ओलं केलं.

"त्रेसष्ट."

"प्रिंटर चुकत नाही. पुन्हा मोजा."

"पुन्हाच मोजली. कोपऱ्यातला छापील आकडा चाळीसवरून बेचाळीसवर जातो. एक्केचाळिसावं नाही."

प्रिंटरच्या मागे, रुळाखाली ते पान अडकलेलं होतं. अख्ख्या धड्याचं सूत्र त्याच पानावर. तिने ते ओढून काढलं, तळहाताने सपाट केलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, माझं चुकलं."

"हं," सासरे म्हणाले आणि पान जागेवर लावलं. "दार उघड. पाच वाजले."