उलट्या बाजूची पट्टी

मशीनच्या सुईखालची चिंधी बदललेली होती. काम संपलं की राहीबाई तिथे पिवळी चिंधी दाबून ठेवायच्या, आणि आज हिरवी होती. तेलाचा ताजा वासही येत होता. तेल त्यांनी दिवाळीपासून घातलं नव्हतं.

"पायल, मशीनला कुनी हात लावला व्हता का?"

"नाय ओ आई. कोण लावणार?" सून स्वयंपाकघरातून म्हणाली. उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

पाणी कुठेतरी मुरत होतं. तसं ते राहीबाईंना रोजच मुरताना दिसायचं. पाववाला शिळे पाव मुद्दाम आपल्याच पिशवीत टाकतो, दुकानदाराने नवी म्हणून जुनी ट्यूब खपवली, म्हणून तर हल्ली घरात धुरकट दिसतं, अशी त्यांची पक्की खात्री होती. पण या वेळी नुसता संशय नव्हता. सोमवारी पायल फोनवर कुजबुजताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आईंना कळू देऊ नका हं, शुभदाताई." शुभदाताई म्हणजे समोरच्या सोसायटीतल्या, राहीबाईंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नेरूळमधली निम्मी गोधड्यांची कामं त्यांच्याच ओळखीने यायची.

राहीबाईंना सगळं लख्ख दिसलं. सून गिऱ्हाईक फोडतेय. आधी गिऱ्हाईक, मग मशीन, मग म्हातारीची रवानगी गावाला. हिंगोलीकडच्या त्या गावात आता कुलूप लावलेल्या घराशिवाय काही उरलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे, प्रितमकडे, आल्या त्या हे पायमशीन टेम्पोत घालूनच. प्रितम द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होता. पोराच्या घरात आपण बसून खात नाही, हे मशीनच्या खडखडाटाने त्या रोज स्वतःलाच ऐकवायच्या. मशीन गेलं तर आपण इथे कोण?

शुभदाताईंच्या सासूबाईंच्या साड्यांची गोधडी कालच पूर्ण झाली होती. साड्यांचे थर एकावर एक घालून हाताने टाके घालायचे, आणि शेवटी चारी कडांना मशीनवर पट्टी मारायची. पट्टी दुमडून अर्धी वर, अर्धी खाली, आणि दोन्ही बाजू एकाच शिलाईत पकडायच्या. जड गोधडी मशीनवरून घसरते, म्हणून तिचं वजन धरायला मागे एक माणूस लागतं. मागे पायल उभी राहायची. आज संध्याकाळी शुभदाताई गोधडी न्यायला येणार होत्या, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच होणार होतं.

दुपारी राहीबाईंनी पांढरी साडी नेसली. "विहारात जाते. संघमित्राबाई वाट बघायलीय. यायला सांज व्हईल."

"सावकाश या," पायल म्हणाली.

ते 'सावकाश' राहीबाईंना टोचलं. जिना उतरून त्या खालच्या टपरीवर बसल्या, एक चहा घशाखाली ढकलला आणि पाय न वाजवता परत वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

पायल जमिनीवर बसली होती. मांडीवर कालची गोधडी, बोटांत ब्लेड, आणि पट्टी हातभर उसवलेली.

"घावलीस का आता!" राहीबाई उंबऱ्यातूनच कडाडल्या. "कामून उसवायलीस माझं काम? सासूला शिवता येत नाही म्हनून दाखवनार व्हय शुभदाताईला? त्याच्यासाठीच फोन चालले व्हते?"

पायलने मान वर केली नाही. तिच्या शेजारी ताटलीत भाकरीचा वाळका तुकडा होता. गोधडी पुरी होताना राहीबाई शेवटच्या कोपऱ्यात एक घास शिवायच्या. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं त्यांची आई म्हणायची. तो घास पायलने काढून जपून ठेवला होता. काम बिघडवणारी बाई घास कशाला जपेल, हे राहीबाईंच्याही मनात आलं, पण रागावलेल्या माणसाला असले विचार नको असतात.

"बोल की! मूग गिळलेस का?"

"आई, उन्हाळ्यातली गोधडी शुभदाताईंनी परत आणली होती. मागून पट्टी सुटलेली. मी परत मारून दिली." पायलचा आवाज खाली गेला. "तेव्हापासून तुमी बाहेर गेल्या की मी बघते. सुटलेली असली तर लावते. मशीनला तेलही मीच घातलं."

"खोटं!"

"हे बोलले, आईला सांगू नको. मशीन सुटलं तर ती गावाला जायचं काढेल."

म्हणजे पोटचा पोरगाही सामील! "समद्या घरानं मिळून मला येडं केलं!" म्हणत राहीबाईंनी गोधडी ओढून घेतली. न उसवलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. वरची शिलाई सरळ होती, एका टाक्याचाही फरक नव्हता. "हे बघ! काय वाईट हाय यात?"

पायलने नुसतं खालच्या बाजूकडे बोट दाखवलं. राहीबाईंनी गोधडी उलटी केली. थोडं पुढे गेल्यावर अंगठा पट्टीच्या आत शिरला. मग दुसरं बोट शिरलं, मग अख्खा पंजा. खालची पट्टी सुईत सापडलीच नव्हती. शिलाई नुसत्या गोधडीवरून गेली होती, वीतभर, आणि पुढे पुन्हा वीतभर. राहीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या खाटेवर बसल्या. सुटलेली पट्टी चाचपत म्हणाल्या, "मागं तूच धरायचीस. दिसत व्हतं ना तुला?"

"दिसायचं."

"मंग?"

"तुमी शिवताना गुणगुणता ओ आई. कसं थांबवणार?"

राहीबाईंनी पदराने तोंड पुसलं. रडू आलं होतं, पण सुनेसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती. "शुभदाताई कवा येनार?"

"सहाला."

"मंग बस मशीनवर."

"मी? तुमी असताना?"

"बस म्हन्ते ना."

पायल बसली. राहीबाई बुटक्या, म्हणून स्टुलावर त्यांनी स्वतः शिवलेली जाड उशी असायची. तिच्यामुळे पायलचे गुडघे मशीनच्या फळीला घासू लागले. राहीबाईंनी तिला उठवलं, उशी काढून काखेत घेतली आणि स्टूल फडक्याने पुसून दिलं. मग उशी खाटेखाली सरकवून त्या मशीनच्या मागे गेल्या आणि गोधडीचं सगळं वजन त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं.

"कोपरा आला की थांब. घास मी घालीन."

मशीन सुरू झालं. पुढे सरकणाऱ्या पट्टीच्या खालून राहीबाईंचा अंगठा फिरू लागला. शिलाई सगळीकडे सापडत होती, तरी त्या एक बोटभर जागाही सोडत नव्हत्या.

"नीट आहे ना, आई?" पायलने मान न वळवता विचारलं.

"बघायले," राहीबाई म्हणाल्या. "तू चालू दे."