पाण्यात मासा नाही

प्राण्यांचं ते दुकान चांगलं मोठं, गावोगावी शाखा असलेलं. पुढे कुत्र्यामांजरांच्या विभागात सदा गजबज. आणि माशांचा विभाग कुठे? तर अगदी मागे, गोदामाच्या दाराला लागून, अर्धवट अंधारात. तिथे ती. सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव एकच, मासेवाली. सकाळी दुकान उघडायच्या आत मेलेले मासे जाळीने काढायचे, कारण गिऱ्हाइकाला मेलेला मासा दिसता कामा नये. मग काचा पुसायच्या, पंप बघायचे आणि दिवसभर बुडबुड्यांचा आवाज ऐकत उभं राहायचं. घरी तर तोही आवाज नाही. नवरा केव्हाच दुसरा संसार थाटून बसलेला. भाऊ फोन करतो तो "बरी आहेस ना? ठेवू मग?" एवढ्यापुरता. उत्तर ऐकायलाही थांबत नाही मेला!

अशा बाईला बुधवारची ओढ लागली तर नवल ते काय. बुधवारी बाटलीवाले काका यायचे. हे नाव ऐकून नव्या कॅशियरने त्यांना दारुडा समजून दारातच अडवलं होतं. पण काका बापडे सरळमार्गी, आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त केलेले, आणि बाटलीत असायचं घरच्या टाकीतलं पाणी. दुकानात ते फुकट तपासून मिळायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग यायची वाट बघायची. ती वाट बघणं हीच खरी चैन. काका आपल्या माशांच्या गोष्टी सांगायचे. थोरली भारी खादाड, धाकटी रुसूबाई, खाणं टाकलं तरी दगडामागून बाहेर यायची नाही. आणि शेवटी विचारायचे, "तू काय म्हणतेस, पोरी?" पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोरी म्हणणारं दुसरं कोण उरलं होतं? मग तीही सुटायची. पाठ दुखते, शेजारीण भांडते, काय वाट्टेल ते. रंग दरवेळी चांगलाच यायचा. "अमोनिया शून्य, काका. एक नंबर!"

त्या बुधवारी नवीन किट आलं होतं. त्यात नायट्रेटचीही तपासणी होती. माशांची घाण कुजून शेवटी पाण्यात जे साठतं ते नायट्रेट. मासा आहे तिथे ते थोडं तरी असणारच. काकांच्या नळीतलं पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे काहीच नाही. किट बिघडलंय की काय म्हणून तिने दुकानातल्या टाकीचं पाणी तपासलं, तर ते चांगलं लालभडक झालं. काकांचं पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. बाटलीला नाक लावलं, तर नळाच्या पाण्याला येतो तो औषधाचा वास.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे गप्प बसायचं होतं, बाई! पण कोडं सुटल्याचा आनंद असा काही चढला, की मागे दोन गिऱ्हाइकं उभी आहेत याचंही भान राहिलं नाही.

"काका, या पाण्यात मासाच नाही!" ती टाळी वाजवून म्हणाली. "हे तर नळाचं पाणी! फसवता होय मला?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा एवढासा झाला.

"थोरली मागच्या वर्षी गेली," ते म्हणाले. "धाकटी त्याच्या आधीच."

त्यांनी बाटली उचलली. झाकण वाकडं बसलं, तसंच राहू दिलं आणि निघून गेले.

पुढच्या बुधवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दार उघडलं की तिची मान वर, आणि येणार कोण, तर कुत्र्याचा पट्टा घ्यायला आलेलं कुणीतरी. तिने स्वतःला लाख शिव्या घातल्या. शहाणपणा पाजळायला हीच वेळ सापडली होती! एक माणूस होतं बोलायला, तेही हाताने घालवलं. शेवटी सवलतीच्या कार्डासाठी काकांनी दिलेला नंबर तिने कॅशियरकडून काढून घेतला. नियमात बसत नव्हतं. खड्ड्यात गेला नियम. जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या एका खोक्यावर बसून तिने फोन लावला.

"कोण?"

आता काय सांगणार? तिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं.

"मासेवाली बोलतेय, काका. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? खोटं तर मी बोलत होतो."

"बोला हो खोटं, मला चालतं!" ती खोक्यावरून उठलीच. "माझ्याशी दुसरं कोणी बोलत नाही, काका. बुधवार नुसता खायला उठतो. तुम्ही या ना. हवे तर नवे मासे देते, चांगले बघून."

"नको गं. मी गेलो तर त्यांचं कोण करील?"

फोन कोणीच ठेवला नाही.

"आणि रिकाम्या हाताने कसा येऊ?" काका म्हणाले. "लोक म्हणतील, हा म्हातारा इथे कशाला उभा?"

"बाटली आणा."

"अगं, पण पाणी नळाचंच असणार."

"असू दे," ती म्हणाली. "मी हळूहळू तपासीन."