जातानाही उतार, येतानाही उतार

माझी बायको हौसा गेली त्या दिवसापासून माझ्या पायाखालची जमीन पुढे उतरती झाली आहे. बाजाराला जाताना उतार लागतो. घरी परततानाही उतारच लागतो.

आधी घरातला तांब्या माझ्या पुढे घरंगळत गेला. मग रस्त्यावरच्या वस्तूही घरंगळू लागल्या. मी येताना दिसलो की बाजारातले लोक हातगाड्यांच्या चाकांना दगड लावतात. "आप्पा आले, टोमॅटो धरा," असं यासीन भाजीवाला म्हणतो आणि त्याची बायको पदर पसरते. त्यांचा माझ्यावर राग नाही.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वय झालं की मांड्यांतलं बळ कमी होतं आणि तोल जातोय हे पायांना उशिरा कळतं. रोज ओट्याला धरून एका पायावर उभं राहा, असं त्यांनी सांगितलं. मी राहतो. पाय पूर्वीपेक्षा बरे आहेत. उतार तेवढाच आहे.

गाव आणि बाजार यांच्या मध्ये पाण्याचा पाट आहे. त्यावर एक फळी टाकली आहे. मागच्या बाजारी मी त्या फळीवरून पाटात पडलो. मुलगी, शालन, मिरजेहून धावत आली. तिने पुढे होऊन माझा हात धरून मला चालवलं, तर उतार एवढा वाढला की आम्ही दोघं पळत सुटलो आणि देवळाच्या भिंतीला जाऊन टेकलो.

दम खाऊन ती म्हणाली, "आप्पा, आणखी एकदा पडलात तर घराला कुलूप लावून तुम्हाला मिरजेला नेणार. तिथं लिफ्ट आहे. चालायचं कामच नाही."

मला चालायचं होतं, आणि याच गावात चालायचं होतं.

मी तरुणपणी उसाची बैलगाडी हाकली आहे. बोजा पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. तेव्हा बैलांना कोणी औषध देत नाही. बोजा मागे सरकवतात.

आमच्यात नवरा पुढे चालतो आणि बायको चार पावलं मागे. आम्ही जन्मभर तसेच चाललो. आता मागची जागा रिकामी होती आणि सगळा भार पुढे आला होता.

पुढच्या बाजारी मी पिशवी घेतली आणि उंबऱ्याबाहेर येऊन थांबलो.

शालन म्हणाली, "का थांबलात?"

"आज तुझी आई पुढं आहे. मी मागं."

शालनने रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग अंतर ठेवा. मागून रेटलेलं तिला खपत नाही."

चार पावलांची जागा सोडून मी निघालो. जमीन सपाट होती. रस्त्यात बसलेली शेळी उठून बाजूला झाली आणि मी तिथे पोचेपर्यंत परत बसलीही. मागून शालन येत होती. पाटाजवळ ती थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले होते, पण मला धरलं नाही.

मी काठावर उभा होतो. फळीचं अलीकडचं टोक किंचित दबलं. मग फळी मधोमध वाकली, हौसाच्या वजनाएवढी. मी पाय उचलला.