कुंकवावर चिकटवलेली पट्टी

माझ्या चक्कीचा दगड फुटणार आहे असं पुतण्याने सांगितलं आणि माझ्या नवऱ्याने ते खरं मानलं. मला एका शब्दाने विचारलं नाही! आमच्या या हिंदी मुलखात, दौलतगंजात उषाताईंची चक्की कुठे, हे शेंबडं पोरही सांगेल. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच ती चालवते. हे सरकारी नोकरीत होते, आता रिटायर होऊन घरी पेपर वाचतात. गाळा मात्र यांच्या नावावर, आणि तेवढ्यावर यांनी तो त्या पुतण्याला, युवराजला देऊनही टाकला. मोबाइलचं शोरूम काढणार म्हणे. "मी शब्द दिलाय, उषा," म्हणाले. अहो, शब्द तुमचा आणि चक्की कुणाची?

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दोघं दुकानात आले. पुढे युवराज, माझ्या दिराचा मुलगा, शिकलेला इंजिनिअर, हातात पिवळं यंत्र. मागे हे, मान खाली घालून. दळणाला आलेल्या लीलाताई गव्हाचा डबा घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी.

"काकू, चक्की आजपासून बंद करा," युवराज सगळ्यांसमोर म्हणाला. "पत्थर कभी भी फट सकता है."

लीलाताईंनी खुर्ची मागे सरकवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. उन्हाळ्यात मोटर जळाली तेव्हा यांनी कुठूनशी जुनी मोटर आणून बसवली. युवराजचं म्हणणं, ती दुप्पट वेगाची आहे, म्हणून दगडही दुप्पट वेगाने फिरतोय आणि एक दिवस तुकडे होऊन उडेल. दसऱ्यानंतर एकदा मी भाजी आणायला गेले असताना त्याने यांना हे मोजून दाखवलं होतं. मोटर यांनीच आणलेली, त्यामुळे यांची पाचावर धारण बसली.

"आता मला दाखव," मी म्हटलं.

चक्की थांबवली. दगडाच्या मोठ्या पुलीवर त्याने एक चकचकीत पट्टी चिकटवली, नखाएवढी. "ये टॅकोमीटर है, काकू. लाल किरण पट्टीवर पडतो. पट्टी समोरून गेली की मीटर एक फेरा मोजतो. मिनिटाला किती फेरे, ते इथे दिसतं."

चक्की सुरू केली. पुली भिंतीकडच्या अंधारात, त्याने वाकून किरण धरला. आकडा आला अकराशे वीस.

"असायला हवेत साडेपाचशेच्या आसपास," तो म्हणाला.

मी पिठात हात घातला. कोमट, रोजच्यासारखं. "अरे, दगड दुप्पट फिरला असता तर पीठ करपलं असतं. वास आला असता."

"काकू, मीटर झूठ नहीं बोलता."

"उषा, ऐक त्याचं," हे म्हणाले. "तो शिकलेला आहे."

बस्स! मी खटका बंद केला, पुली थांबली तशी ती पट्टी ओरबाडून काढली आणि त्याच्या पायाशी फेकली. "घे तुझी पट्टी! आता मोज!" पुन्हा चक्की चालू केली आणि यंत्र त्याच्या हातातून हिसकावलं.

"काकू, रहने दो ना," तो एकदम पुढे आला. "पट्टीच नाही तर आकडा कसा येणार?"

मलाही तेच वाटत होतं. रागाच्या भरात लाल ठिपका पुलीवर धरला, एवढंच. पण आकडा आला. पाचशे साठ.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी युवराजकडे बघितलं. युवराज रस्त्याकडे बघत होता.

पट्टी नाही, तर मग हे यंत्र मोजतंय काय? खटका बंद केला. वाकून हाताने पुली हळूहळू फिरवली. पार विरुद्ध बाजूला दुसरी पट्टी! तशीच नखाएवढी, चकचकीत. एका फेऱ्यात दोन पट्ट्या समोरून जायच्या आणि एका फेऱ्याचे दोन व्हायचे.

"जुनी असेल ती," युवराज म्हणाला. "मोटरवाल्याने लावली असेल. आपलं तर लक्षच गेलं नाही. तुम्ही उगाच माझ्यावर शक घेताय."

चोराच्या उलट्या बोंबा! मी नखाने पट्टी उचकटली आणि उलटी करून यांच्या नाकासमोर धरली. गोंदाला लालभडक कुंकू लागलं होतं.

आमच्या घराण्यात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. शस्त्र म्हणून आता एक गंजकी तलवार उरलीय, म्हणून मी चक्की पुजते. आदल्या दिवशी पुली रॉकेलने लख्ख पुसते, मग तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढते. यंदाही काढलं. पट्टी त्याच्यावर बसली होती, म्हणजे ती पूजेनंतरची.

आणि पूजेनंतर बंद दुकानात कोण गेलं होतं? दसऱ्याला सोनं द्यायला युवराज आला, पाया पडला, म्हणाला, "काकू, चावी द्या, चक्कीला नमस्कार करून येतो." मला इतकं कौतुक वाटलं की मी त्याला जास्तीचं श्रीखंड वाढलं. मेल्या!

"सोनं देऊन गेलास ना रे? मग सोन्यासारखं वागायचं होतंस! आयत्या बिळावर नागोबा!"

त्याने यंत्रासाठी हात पुढे केला. "हे इथेच राहील," मी म्हटलं. "ते खोटं बोललंच नाही."

"नीघ, युवराज," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की लीलाताईंनाच "निकलो" म्हणून ओरडावं लागलं.

तो गेल्यावर हे माझ्याजवळ आले. "मला भीती वाटली गं. दगड फुटला असता, तुला काही झालं असतं तर..."

"दगडाजवळ मी उभी असते, तुम्ही नाही. मग मला विचारायचं होतं!" माझा आवाज फाटला. "इतकी वर्षं! आणि विचारलंत कुणाला? त्याला!"

मी लीलाताईंचा डबा वर ओतला आणि खटका दाबला.

"या. इथे दगडाशी उभे राहा. दळण होईपर्यंत हलायचं नाही."

उभे राहिले. चष्म्यावर, मिशीवर पीठ बसलं, तरी हलले नाहीत. मी त्यांचा हात धरून पिठात घातला.

"करपलंय?"

"नाही."

"मोठ्याने सांगा," मी म्हटलं. "रांगेत बायका उभ्या आहेत."